नखावरचा रंग

कल्याण-बदलापूर रस्त्यावर तेव्हा खडीचे डंपर दिवसभर चालायचे. मागचा फळका नीट लावायचा असतो, हे त्या ड्रायव्हरांना बहुतेक कुणी शिकवलंच नव्हतं. रस्ताभर खडी सांडायची, पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडायची आणि मागून येणाऱ्याच्या बोनेटवर ताडकन बसायची. रंगाचा टवका निघायचा, खालचा पत्रा उघडा पडायचा, आणि पावसाळा आला की तिथे गंज धरायचा. आमचं घर त्या टवक्यांवर चालायचं. त्यामुळे मी डंपरवाल्यांना शिव्या घातल्या की आई म्हणायची, "गप गं, अन्नदाते आहेत ते आपले."

माझे वडील गाड्यांचे पेंटर होते. उल्हासनगरला गॅरेजांच्या ओळीत शेवटची पत्र्याची शेड त्यांची. आम्ही राहायचो अंबरनाथला, शिवमंदिराच्या अलीकडच्या एका चाळीत. बाकीचे पेंटर टवके पडलेली गाडी आली की अख्खं बोनेट घासून नवा रंग मारायला बसायचे. बाबांना ते पटत नसे. म्हणायचे, दात दुखतो म्हणून कुणी जबडा काढतं का. ते एकेक टवका भरायचे. ब्लेडच्या टोकाने गंज खरवडायचा, त्यावर अस्तराचा पातळ हात, मग आगपेटीच्या काडीला टोक काढून त्या टोकाने रंगाचा एक थेंब. तो सुकला की दुसरा. सुकला की तिसरा. मग ओला पॉलिशपेपर इतक्या हलक्या हाताने फिरवायचा, की आजूबाजूच्या रंगाला कळूही नये. एका बोनेटला दोन-दोन दिवस लागायचे. गिऱ्हाईक गाडी न्यायला यायचं आणि टवके कुठे होते ते शोधत बसायचं. बाबा बाजूला बिडी ओढत मजा बघायचे.

खरी मेख रंग जुळवण्यात होती. डब्यातला कंपनीचा रंग कधीच जुळत नाही, कारण गाडी उन्हात उभी राहून राहून विटलेली असते. प्रत्येक गाडी आपापल्या परीने विटते. मग त्या रंगात एक थेंब पिवळा, अर्धा थेंब काळा, असं करत करत तिच्या आजच्या रंगापर्यंत पोचायचं. बाबा तो रंग आपल्या डाव्या अंगठ्याच्या नखावर लावायचे, फुंकर मारून सुकवायचे, आणि गाडी शेडबाहेर उन्हात काढून ते नख पत्र्याला टेकवून बघायचे. नख दिसेनासं झालं की रंग जुळला. हे त्यांना त्यांच्या सिंधी उस्तादाने शिकवलं होतं आणि त्यातली एकच गोष्ट तो मार देऊन शिकवायचा, असं बाबा सांगायचे. सावलीत बघायचं नाही. सावलीत सगळे रंग खोटं बोलतात.

मी त्या वेळी उल्हासनगरच्याच एका शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. एका रविवारी बाबांचा डबा घेऊन शेडवर गेले, तर बाहेर उन्हात एक पांढरी गाडी उभी होती. बोनेटवर सगळीकडे पिवळे ठिपके. मला वाटलं, काम अर्धं आहे.

"बाबा, हे अस्तर का?"

"कसलं अस्तर? झालं काम."

"पिवळं दिसतंय."

"ऊन आहे म्हणून."

तरी बाबा गाडीजवळ गेले, वाकले, नाक टेकेल इतके वाकले, आणि बराच वेळ तसेच राहिले. मग डबा न उघडता त्यांनी एकेक ठिपका खरवडायला घेतला. नवा रंग कालवला, नखावर लावला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जरा बघ गं बाय. तुझी नजर तरणी आहे."

तिथून ते सुरू झालं. सुरुवातीला त्यांच्या नखावर, मग त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, माझ्या नखावर. रोज सकाळी पावणेआठला शाळेत जाताना मी शेडवर थांबायची. ते काडीने माझ्या अंगठ्याच्या नखावर रंग लावायचे, मी फुंकर मारत उन्हात जायची, नख पत्र्याला टेकवायची, आणि आत येऊन सांगायची. पिवळा कमी करा. थोडा राखाडी हवा. आता जुळला. कधी दोन फेऱ्या, कधी सात. शेवटी थिनरच्या बोळ्याने बाबा माझं नख पुसून द्यायचे, पण कडेला रंग राहायचाच. शाळेत बाकीच्या बाया विचारायच्या, "काय मॅडम, आज कुठली गाडी?"

खरं सांगते, मला ते आवडायचं. लहानपणापासून बाबांनी मला कधी शेडमध्ये फिरकू दिलं नव्हतं. पोरीची जात, थिनरचा वास, गॅरेजवाल्यांच्या शिव्या. आणि आता ते माझ्या तोंडाकडे बघत उभे असायचे, मी काय सांगते त्यासाठी. बाहेर कुणाला पत्ता नव्हता. गिऱ्हाईक तसंच टवके शोधत बसायचं आणि बाबा तशीच बिडी ओढायचे. फक्त आता ते माझ्याकडे बघून एक भुवई उडवायचे.

डोळ्यांचं काय झालंय, याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती. मोतीबिंदू. बदलापूरच्या पुढे सोनिवलीच्या बाजूला बाबांचं गाव, तिथे त्यांच्या आईला झाला होता, काकूला झाला होता. आणि मोतीबिंदू पिकावा लागतो, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. कच्चा काढला तर डोळा जातो. आजीने चार वर्षं वाट बघितली होती, बुबुळ दुधासारखं पांढरं झालं तेव्हा शिबिरात जाऊन काढून आली, आणि त्यानंतर मरेपर्यंत तांदळातले खडे तीच वेचायची. त्यामुळे बाबा निर्धास्त होते. सकाळी आरशात डोळे ताणून बघायचे आणि आईला विचारायचे, "पांढरं दिसतंय का गं काही?" आई म्हणायची, "अजून नाही." आंब्याच्या अढीबद्दल बोलावं तसं चालायचं ते.

बाकीच्या गोष्टी आम्ही त्याला जोडल्याच नाहीत. बाबांच्या कोपराने थिनरची बाटली कलंडायची, एकदा नाही, महिन्यातून चारदा. चाळीच्या दारातल्या बादलीला पाय लागायचा. शेजारचं मूल बाजूने येऊन मांडीवर आदळेपर्यंत त्यांना दिसायचं नाही. आई करवादायची, "लक्ष कुठे असतं हो तुमचं?" मीही करवादायची. त्यांनी सायकल सोडली तेव्हा म्हणाले, गुडघे धरतात, आणि आम्ही गुडघ्याला तेल चोळून दिलं.

शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं, एकदा दाखवून तरी घ्या, पिकायचं का नाही ते डॉक्टर सांगतील. मी बाबांना म्हटलं. म्हणाले, बघू. चार महिन्यांनी पुन्हा म्हटलं. म्हणाले, पिकू तर दे. त्यापुढे मी रेटलं नाही. कशाला रेटायचं? काम चाललं होतं. रंग जुळत होते. अशी दोन वर्षं गेली.

दोन वर्षांनी मात्र माझं मलाच वाटायला लागलं की आता पुरे. मी उल्हासनगरातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावला, शाळेतून अर्धा दिवस रजा काढली. हेडमास्तरीण बाईंकडून अर्धा दिवस मिळवणं म्हणजे काय दिव्य होतं, ते त्या शाळेत नोकरी केलेल्यालाच कळेल. बाबांना बजावून ठेवलं, तीन वाजता दवाखान्यात या. मी साडेपाचपर्यंत त्या बाकड्यावर बसून राहिले. बाबा आलेच नाहीत. शेडवर गेले, तर स्वारी एका गाडीचे टवके खरवडत होती.

"अगं, शेटची गाडी आली. परवा लग्न आहे त्यांच्या मुलीचं, ह्याच गाडीतून मुलगी जायची. सोडून कसा येऊ?"

हे शेट फर्निचरवाले, सिंधी, बाबांचं पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. गाडी गडद निळी, अंधारात काळीच वाटावी इतकी गडद. मी काही बोलले नाही. बोलले असते तर भांडण झालं असतं आणि भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. रात्री जेवले नाही. सकाळी उठले तरी डोक्यातली आग गेली नव्हती.

शेडवर पोचले तेव्हा बाबा रंग कालवून तयार. मी अंगठा पुढे केला. त्यांनी काडी टेकवली. गाडी आत होती, शेडमध्ये, सावलीत; ती बाहेर काढायची म्हणजे मागून ढकलायची, बाजूच्या मेकॅनिकला हाक मारायची, दहा मिनिटं जायची. मी जिथे उभी होते तिथूनच नख बोनेटच्या कडेला लावलं, बघितल्यासारखं केलं आणि म्हटलं, "जुळलाय."

"बाहेर नको काढायला?"

"मघाशी दाराशी धरून बघितलं की. जुळलाय म्हटलं ना."

दाराशी मी गेलेच नव्हते. बाबा तिथेच उभे होते, चार हातांवर. त्यांना मी कुठे उभी आहे ते दिसलं नसावं, हे मला तेव्हा समजलं नाही. मला वाटलं, माझा राग कळून ते गप्प बसले. त्यांनी मान हलवली आणि माझं नख पुसून दिलं.

दिवसभर बसून त्यांनी सगळे टवके भरले. शेट संध्याकाळी अंधार पडता पडता गाडी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऐन लग्नाच्या दिवशी, ते गाडी घेऊन परत आले. आरडाओरडा केला नाही. त्यांनी गाडी उन्हात लावली आणि बाबांना हाताला धरून बाहेर नेलं. "पेंटर, धूप में देख तो सही." बाबांनी बघितलं. त्यांना काही फरक दिसेना. मग बाजूचा मेकॅनिक आला आणि म्हणाला, "चाचा, काला लगा दिया है. गाडी तो नीली है." शेटनी गाडीला हार जास्त घाला म्हणून बरोबरच्या माणसाला सांगितलं आणि निघून गेले. हे सगळं त्या मेकॅनिकने मला नंतर सांगितलं. बाबांनी यातला एक शब्द सांगितला नाही.

त्या संध्याकाळी मी घरी आले, तर बाबा लवकर येऊन पलंगावर बसले होते. आईने डोळ्यांनीच खुणावलं, काहीतरी बिनसलंय. मी चपला काढल्या तेवढ्यात त्यांनी विचारलं, "त्या निळ्या गाडीचा रंग तू दाराशी उजेडात बघितला होतास ना?"

सांगून टाकायची ती वेळ होती. मला त्यांचा आवाज ऐकून धडकी भरली. तो रागावलेला नव्हता, म्हणूनच भरली.

"हो," मी म्हटलं. "मला निळाच दिसला."

"नक्की?"

"नक्की."

बाबा दोन दिवस शेडवर गेले नाहीत. जेवायला बसायचे आणि ताटाऐवजी माझ्याकडे बघत राहायचे. मी तांदूळ निवडत असले की येऊन जवळ उभे राहायचे. एकदा कॅलेंडर दाखवून विचारलं, आज तारीख काय गं? मी सांगितली. ती सुट्टीची लाल आहे का काळी? मी वैतागून म्हटलं, लाल. मला वाटलं, माझ्यावर नाराज आहेत आणि टोमणे मारतायत.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटली तर बाबा फाटकाशी उभे. अंगात धुवट सदरा. म्हणाले, "चल, डोळ्याच्या डॉक्टरकडे. मी नंबर लावलाय." माझा आनंद गगनात मावेना. चला, त्या गाडीने एवढं तरी केलं, असं मनात आलं. वाटेत मी बडबडत होते, काही घाबरायचं नाही बाबा, आता टाकेसुद्धा घालतात-काढतात ते कळत नाही. ते हं हं करत होते. माझा दंड त्यांनी घट्ट धरला होता.

दवाखान्यात खिडकीतल्या बाईने विचारलं, पेशंटचं नाव? बाबांनी माझं नाव सांगितलं.

"हिला दाखवायचंय," ते म्हणाले. "हिला निळा-काळा ओळखू येत नाही. माझंच दुखणं गेलंय हिच्यात. वय लहान आहे हो, लग्न व्हायचंय अजून."

 आजूबाजूला माणसं बसली होती. आता सांगते, आत गेल्यावर सांगते, असं करत मी डॉक्टरांच्या खुर्चीत जाऊन बसले. अक्षरं वाचली, शेवटची ओळसुद्धा. ठिपक्याठिपक्यांच्या पानांतले रंगीत आकडे वाचले. डॉक्टर हसले आणि बाबांना आत बोलावून म्हणाले, "काका, मुलीच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. फर्स्ट क्लास आहेत. निळा, काळा, सगळं दिसतं हिला."

बाबा म्हणाले, "नीट बघितलंत ना?" आणि बसायला म्हणून त्यांनी हात मागे नेला. स्टूल उजवीकडे होतं. त्यांचा हात हवेत फिरत राहिला. डॉक्टरांचं हसू गेलं.

"तुमचे बघू जरा," ते म्हणाले.

बराच वेळ बघितलं. डोळ्यावर यंत्र टेकवलं, समोर बघायला लावून बाजूने बोटं आणली आणि कधी दिसतात ते विचारलं. बोटं पार नाकासमोर येईपर्यंत बाबा नाही नाही म्हणत होते. मग थेंब घालून त्यांना बाहेर बाकड्यावर बसवलं आणि मला आत थांबायला सांगितलं.

"हा मोतीबिंदू नाही," डॉक्टर म्हणाले. "काचबिंदू आहे. डोळ्यातलं प्रेशर वाढतं आणि आतली शीर सुकत जाते. कडेची नजर आधी जाते, त्यामुळे माणसाला कळत नाही. रंगांचा गोंधळ किती दिवस आहे?"

"दोन वर्षं."

"तेव्हा आणलं असतं, तर थेंबांवर थांबवता आलं असतं कदाचित. हे पिकत नाही बाई, नुसतं जात राहतं. आणि गेलेलं परत येत नाही."

मी बाहेर आले. बाबा डोळे मिटून बसले होते, थेंबांचं पाणी गालावर ओघळत होतं. विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, थेंब दिलेत, रोज घालायचे. ते म्हणाले, थिनरने खाल्ले असणार डोळे, इतकी वर्षं त्या वासात. मी म्हटलं, हो, तसंच काहीतरी म्हणत होते.

रिक्षात बसलो. उल्हासनगर मागे पडलं. मग ते म्हणाले, "त्या दिवशी तू दाराशी गेलीच नव्हतीस. रागात होतीस."

"हो, बाबा."

आता बोलतील, घालतील चार शिव्या, असं वाटून मी अंग चोरून बसले. त्यांनी चाचपून माझा हात शोधला.

"बरं झालं," म्हणाले. "मला वाटलं, तुझेपण गेले."

मला रडू आवरेना. ते म्हणत राहिले, अगं, एका गाडीचं काय एवढं, अगं शेट आपलाच माणूस आहे, मी जाऊन सांगेन त्याला. सांगितलंही त्यांनी शेटना, सगळा दोष स्वतःवर घेऊन. पण शेड त्या महिन्यातच बंद केली. मी म्हटलं होतं, मी येत जाईन सकाळी, चालू ठेवू. तर म्हणाले, नको, माझ्यासाठी तू उगाच बांधलेली राहशील.

थेंब घालूनही चार वर्षांत उरलेली नजर गेली. मधल्या काळात माझं लग्न झालं, मी बदलापूरला आले, आणि आई गेल्यावर बाबांना माझ्याकडे घेऊन आले. नव्वद सालानंतरचं बदलापूर. भाताच्या खाचरांत बिल्डिंगा उगवत होत्या आणि बिल्डिंगांखाली गाड्या. आमच्या खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी गाडी घेतली, ते संध्याकाळी बाबांना हात धरून खाली न्यायचे. बाबा बोनेटवर बोटं फिरवायचे आणि सांगायचे, इथे एक टवका, इथे दोन, हा जुना, ह्याला गंज धरलाय, वेळेवर भरून घ्या. ते गृहस्थ थक्क व्हायचे. मग बाबांना चेव यायचा. उस्ताद, उन्हाची परीक्षा, काडीचं टोक, सगळं सांगून व्हायचं. शेवटी ते माझ्यावर यायचे. मी तिथेच त्यांच्या मागे काठी घेऊन उभी असायची.

"शेवटची दोन वर्षं हिच्या डोळ्यांवर धंदा केला मी," ते अभिमानाने सांगायचे. "कुणाला कळू दिलं नाही पोरीने. ही नसती ना, तर दोन वर्षं आधीच मला डॉक्टरची पायरी चढावी लागली असती."

असं ते जाईपर्यंत सांगत राहिले, पाहुण्यांना, दूधवाल्याला, माझ्या मुलांना. ऐकणारे माझ्याकडे कौतुकाने बघायचे. मी म्हणायची, चला बाबा, गार वारा सुटलाय, वर जाऊ.